युद्धोत्तर जर्मन साहित्य : सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : मी जर्मन विषय घेऊन बी.ए. केले असून भाषेची बी-२ पातळी पूर्ण केली आहे. आता पुण्यात एम.ए. करताना १९४५ नंतरच्या जर्मन साहित्याचा पेपर घ्यावा असे मनात आहे. परंतु वरच्या वर्गातील विद्यार्थी म्हणतात, की नाझी राजवट, जर्मनीची फाळणी आणि शीतयुद्ध यांचा इतिहास पक्का झाल्याशिवाय या पेपरला हात लावू नये, आणि मूळ संहितेआधी इंग्रजी अनुवाद वाचावा. हे योग्य आहे का?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : पेपर अवश्य घ्या. इतिहास लागेलच, पण तो आधी संपवून मग साहित्याकडे वळायचे ठरवले, तर सत्र संपेल आणि हाती केवळ सनावळ्या उरतील. या काळातील उत्तम लेखन आकाराने लहान आणि शब्दांनी साधे आहे. त्यात अवघड काही असेल, तर ते शब्दकोशात सापडणारे नाही.

ग्युंटर आइश यांची ‘इन्व्हेंटूर’ ही १९४७ साली प्रसिद्ध झालेली कविता घ्या. शीर्षकाचा अर्थ वस्तूंची मोजदाद. चार-चार ओळींची सात कडवी आहेत आणि युद्धकैद्यांच्या छावणीतला एक माणूस आपल्याजवळ काय उरले आहे ते मोजतो आहे : ही माझी टोपी, हा माझा कोट, हे दाढीचे सामान. रिकामा डबा हेच त्याचे ताट आणि हाच पेला, आणि त्यावर नाव कोरण्यासाठी वापरलेला खिळा तो इतरांच्या हावऱ्या नजरांपासून लपवून ठेवतो. सर्वांत प्रिय वस्तू मात्र पेन्सिलीतील शिसे, कारण रात्री सुचलेल्या ओळी दिवसा तेच लिहून काढते. येथे मराठी वाचकाला इंग्रजीच्या मध्यस्थीची गरजच नाही. जर्मनमध्ये टोपी स्त्रीलिंगी, कोट पुल्लिंगी आणि दाढीचे सामान नपुंसकलिंगी, आणि योगायोगाने मराठीतही नेमके तसेच! ‘ही, हा, हे’ असे म्हणताना प्रत्येक वस्तू वेगळी हातात घेतल्यासारखी वाटते. इंग्रजीत तिन्हींसाठी एकच शब्द येतो आणि हा स्पर्श हरवतो. अनुवाद वाचायचाच असेल, तर तो मूळ कवितेनंतर, आपले वाचन ताडून पाहण्यासाठी वाचावा.

वर्गात तुम्हाला ‘श्टुंडं नुल’, म्हणजे शून्याचा तास, हा शब्द वारंवार ऐकू येईल. १९४५ साली जर्मन भाषा आणि साहित्य अगदी पहिल्यापासून सुरू झाले, असा त्याचा आशय. माझे स्पष्ट मत असे, की हा शब्द परीक्षेपुरता लक्षात ठेवावा आणि वाचताना त्यावर संशय घ्यावा. ज्या आइश यांच्या कवितेने ही नवी सुरुवात समजावली जाते, त्यांनी स्वतः नाझी काळात रेडिओसाठी विपुल लेखन केले होते. कोरी पाटी कोणाकडेच नव्हती.

पाटीवरून आठवले. हाइनरिश ब्योल यांच्या १९५० सालच्या एका कथेत जबर जखमी झालेल्या तरुण सैनिकाला एका शाळेत उभारलेल्या तात्पुरत्या इस्पितळात आणतात. भिंतींवरच्या तसबिरी त्याला ओळखीच्या वाटतात, पण तशा तसबिरी तेव्हा प्रत्येकच शाळेत होत्या, म्हणून त्याची खात्री पटत नाही. ती पटते चित्रकलेच्या वर्गातील फळ्यावर. सुलेखनाच्या तासाला त्यानेच तीन महिन्यांपूर्वी वेगवेगळ्या वळणांत सात वेळा लिहिलेले वाक्य अजून तेथे आहे : ‘वाटसरू, तू स्पा...’. अक्षरे फार मोठी काढल्यामुळे जागा पुरली नाही आणि ‘स्पार्टा’ हा शब्द अर्ध्यावर तुटला. स्पार्टाच्या सैनिकांच्या वीरमरणाचा गौरव करणारी ती प्राचीन ग्रीक ओळ जेथे तुटली, तेथेच कथेचे शीर्षकही तुटते, आणि त्याच क्षणी त्या मुलाला कळते, की आपले दोन्ही हात आणि उजवा पाय आता नाहीत. नाझी काळातील शाळांवरील एखादे प्रकरण या कथेनंतर वाचा, म्हणजे ते कशासाठी वाचायचे हे आपोआप समजेल.

पाउल त्सेलान यांच्याकडे मात्र घाईने जाऊ नये. तेव्हाच्या रोमानियातील (आता युक्रेनमधील) चेर्नोवित्स शहरात ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या कवीचे आईवडील ज्यूंसाठीच्या छळछावणीत मृत्यू पावले. ज्या जर्मनमध्ये आई बोलली, तीच मारेकऱ्यांचीही भाषा, आणि त्यांना लिहायचे होते ते तिच्यातच. हान्स वेर्नर रिश्टर यांनी १९४७ साली सुरू केलेल्या ‘ग्रुपे ४७’ या लेखकमंडळापुढे १९५२ साली त्यांनी ‘मृत्यूची फ्यूग’ (फ्यूग हा एकच धून वेगवेगळ्या आवाजांत पुनःपुन्हा येणारा संगीतप्रकार) ही कविता म्हणून दाखवली, तेव्हा त्यांच्या लयबद्ध वाचनाची अनेकांनी टर उडवली. तेथे बसलेल्यांपैकी कित्येक जण पूर्वीचे सैनिक होते. ही कविता मोठ्याने वाचावी. ‘पहाटेचे काळे दूध’ ही ओळ परत परत येते, तिचा अर्थ लावण्याआधी ती कानावर पडू द्यावी.

पूर्व जर्मनीतील लेखन अभ्यासक्रमात बहुधा कमी असते. निदान क्रिस्टा वोल्फ यांची ‘विभाजित आकाश’ ही १९६३ सालची कादंबरी चुकवू नये. पुस्तकांसाठी रेक्लाम प्रकाशनाच्या खिशात मावणाऱ्या पिवळ्या आवृत्त्या सोयीच्या पडतात. समासात पेन्सिलीने लिहीत जा, पण प्रत्येक अनोळखी शब्दाचा अर्थ नव्हे. जेथे वाक्य अडखळते, तेवढीच जागा टिपा.

प्रश्न : जर्मन कादंबरीकार ग्युंटर ग्रास आपण वाफेन-एसएसमध्ये, म्हणजे नाझींच्या एसएस संघटनेच्या सशस्त्र दलात होतो, हे २००६ पर्यंत लपवत राहिले. अशा लेखकाला अभ्यासक्रमात स्थान असावे का?
– एक निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : असावे, आणि ही गोष्ट वर्गात झाकून न ठेवता शिकवावी. वयाच्या सतराव्या वर्षी ते त्या दलात होते हा भाग एक. इतरांना त्यांच्या भूतकाळाचा जाब विचारत असताना सहा दशके मौन पाळले, हा भाग मला अधिक गंभीर वाटतो. त्यामुळे त्यांची ‘पत्र्याचा ढोल’ ही १९५९ सालची कादंबरी लहान होत नाही, मात्र ती वेगळी वाचावी लागते. तिचा निवेदक मनोरुग्णालयातून बोलतो आणि त्याच्या तोंडचा पहिलाच शब्द आहे ‘त्सूगेगेबेन’, म्हणजे ‘कबूल आहे’.