मिडवाइफसाठी वेगळा कायदा आहे का? आणि कौन्सिल म्हणजेच असोसिएशन का?

फक्त मिडवाइफचा असा कायदा आपल्याकडे नाहीये, नर्सिंगच्याच कायद्यात त्यांना बसवलंय, आधी १९४७ चा इंडियन नर्सिंग कौन्सिल ॲक्ट होता मग २०२३ ला नॅशनल नर्सिंग अँड मिडवाइफरी कमिशन ॲक्ट पास झाला, निदान नावात तरी मिडवाइफरी आली म्हणायची. महाराष्ट्रात नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे. माझ्या बहिणीने जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरीचा डिप्लोमा) केलंय, तिच्या रजिस्ट्रेशनवर नर्स आणि मिडवाइफ दोन्ही आहे. गावाकडची सुईण यात बसत नाही, तिने शंभर बाळंतपणं केली असली तरी. आणि कौन्सिल म्हणजे युनियन नव्हे हां, ते रजिस्टर ठेवतं आणि घोळ केला तर नावही काढतं. तुमच्या बाजूने बोलायला टीएनएआय (ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया, १९०८ पासून आहे) किंवा सोसायटी ऑफ मिडवाइव्ज इंडिया, तिथे मेंबर व्हायचं की नाही ती तुमची मर्जी.