नवऱ्याच्या जेवणात गुपचूप औषध घालून दारू सोडवता येते का?

ताई, नवऱ्याला न सांगता आमटीत पावडर घातली तर दारू सुटेल का, असं तुम्ही विचारलंय. हात जोडून सांगते, घालू नका. माझ्या आईने हे केलं होतं.

कुणीतरी दिलेली पुडी होती, तिच्यावर नाव ना गाव. तिसऱ्या दिवशी बाबा पिऊन आले आणि थोड्याच वेळात चेहरा लालबुंद, अंग घामाने निथळतंय, उलटी थांबेना. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "यांना काही दिलं होतं का?" आई तोंडाला पदर लावून गप्प. शेवटी पुडी मीच दाखवली. डायसल्फिराम असावं, असं ते म्हणाले. दारू पोटात गेली की तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, ते विषारी असतं आणि यकृत त्याचा निचरा करतं. हे औषध तो निचराच अडवतं. रक्तदाब कोसळू शकतो, हृदय अधू असेल तर जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. म्हणून डॉक्टर ती पेशंटला सगळं सांगून, त्याच्या संमतीनेच देतात.

बाबा वाचले. पण पुढे वर्षभर आईने त्यांच्या ताटातला पहिला घास स्वतः खाल्ल्याशिवाय ते जेवले नाहीत. तिचा तो घास मला आजही गिळवत नाही.

दुसरी चूक माझी. एक दिवस बाबा म्हणाले, "आजपासून बंद," आणि मी पेढे आणले. तिसऱ्या रात्री ते पांघरुणावरच्या मुंग्या वेचत बसले होते. एकही मुंगी नव्हती. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम सोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी असा भ्रम होऊ शकतो. त्यांना ॲडमिट केलं, औषधं आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं सुरू झाली, तेव्हा कुठे ते माणसात आले.

व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी मोफत नंबर आहे. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून आहे, तिथे पत्नींसाठीही गट आहे. नवरा तयार नसला तरी आधी तुम्ही एकट्या जा. किती वर्षांपासून पितात, दिवसाला किती, सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, पूर्वी कधी फिट आली होती का, हे लिहून न्या. आणि पुडी आणली असेल, तर तीही सोबत घेऊन जा.