बेटाखाली हादरे वाढले म्हणजे उद्रेक जवळ आला का?

तुम्ही रोजच्या हादऱ्यांच्या संख्येचा आलेख दिलाय आणि विचारलंय, की आठवडाभर तो चढतोय, तर स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी ला पाल्मासारखा उद्रेक होणार का? नुसत्या संख्येवरून ते सांगता येत नाही. ला पाल्मात 11 सप्टेंबर 2021 ला हादऱ्यांची मालिका सुरू झाली आणि 19 तारखेला तिथला कुंब्रे व्हिएखा ज्वालामुखी फुटला. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांपैकी साओ जोर्जेखाली मार्च 2022 मध्ये हजारो हादरे झाले, शिलारस वर सरकला आणि जमिनीखालीच थांबला. आपल्या डहाणू-तलासरीकडे 2018 पासून अशीच मालिका चालली, तिथे तर ज्वालामुखीचा संबंधच नाही.

शिवाय संख्या कृत्रिमरीत्याही वाढते. संकट दिसलं की नवी भूकंपमापन केंद्रं बसवतात, मग आधी निसटणारे बारीक हादरेही पकडले जातात. रात्री वर्दळ आणि वारा कमी, म्हणून रात्रीचे आकडे फुगतात. उपाय सोपा आहे: जे हादरे मालिकेच्या पहिल्या दिवसापासून खात्रीने पकडले जात होते, तेवढ्याच किमान तीव्रतेच्या वरचे मोजा.

खरा प्रश्न खोलीचा, म्हणजे हादरे वर सरकतायत का हा, आणि बेटावर तिथेच गाडी अडते. भूकंपाची वेगवान पी लहर आधी पोचते, संथ एस लहर नंतर; पृथ्वीच्या कवचात या दोघींमध्ये एका सेकंदाचा फरक म्हणजे हादरा केंद्रापासून ढोबळमानाने 8 किलोमीटरवर. एस लहर टिपताना 0.1 सेकंदाची चूक झाली तर अंतर 800 मीटरने हलतं. खोलीवर विश्वास ठेवायचा तर निदान एक केंद्र हादऱ्याच्या खोलीइतक्या आडव्या अंतराच्या आत हवं, आणि केंद्रं चहूबाजूंनी हवीत. बेटावर केंद्रं जमिनीपुरती, हादरे समुद्राखाली, म्हणजे एक अख्खी बाजू रिकामी. हिंदी महासागरातल्या मायोत बेटावर मे 2018 पासून हेच झालं. केंद्रं पश्चिमेला, शिलारसाची हालचाल पूर्वेला समुद्रात. फेब्रुवारी 2019 मध्ये समुद्रतळावर भूकंपमापक सोडल्यावर हादरे मुख्यतः 20 ते 50 किलोमीटर खोल असल्याचं स्पष्ट झालं. मे महिन्यात तळावर नवा ज्वालामुखीच सापडला, 800 मीटरहून उंच. अशी तळावरची उपकरणं बहुधा वर काढल्यावरच नोंदी देतात, आणि त्यांचं घड्याळ सरकतं. सोडताना व काढताना जीपीएसशी जुळवून ती घसरण वजा केली नाही, तर त्यांच्या वेळा बाकीच्या केंद्रांशी जुळत नाहीत.

यादीत बरेच हादरे नेमके 10 किलोमीटरवर दिसले तर ती बहुधा मोजलेली खोली नसते. खोली ठरत नसल्याने ती तिथे बांधून ठेवलेली असते. ते हादरे वगळा. दुसरा सापळा असा: मालिका चालू असताना नवं केंद्र जोडलं, की सगळे हादरे एकाएकी ‘वर आल्यासारखे’ दिसतात. म्हणून सुरुवातीपासूनच्या केंद्रांवरूनच पूर्ण मालिकेतल्या हादऱ्यांच्या जागा पुन्हा काढा, शक्यतो एकमेकांच्या सापेक्ष. खडकांतून लहरी किती वेगाने जातात याचं प्रतिमान थोडं चुकीचं असलं तर हादऱ्यांचा सगळा ढग साधारण एकत्र सरकतो, आतली हालचाल बरीचशी टिकते. ला पाल्मात हादरे 10-12 किलोमीटरवरून वर आणि वायव्येकडे सरकले, आणि त्याच वेळी जमीन 10 सेंटिमीटरहून अधिक फुगली. दोन्ही एकत्र दिसले म्हणून ते वजनदार. तरीही उद्रेकाच्या क्षणी अधिकृत इशारा पिवळाच होता, नारिंगी-लाल पातळीपर्यंत गेला नव्हता.

संख्या घटली म्हणून निर्धास्त होऊ नका. कॅनरी बेटांपैकीच एल इएरोत जुलै 2011 पासून 10,000 च्या आसपास हादरे झाले, 8 ऑक्टोबरला 4.3 तीव्रतेचा धक्का बसला, मग हादरे मंदावले. 10 ऑक्टोबरला सलग कंप, म्हणजे सुट्या हादऱ्यांऐवजी न थांबणारी थरथर, सुरू झाला: ला रेस्टिंगा गावाच्या दक्षिणेला समुद्रतळ फुटला होता. कंप जोरात असला की त्याच्या आवाजात बारीक हादरे बुडतात, म्हणूनही आकडा पडतो.

कंप बघायला 1 हर्ट्झखालचा भाग गाळा, कारण समुद्रलाटांचा कायमचा गोंगाट बराचसा तिथेच असतो. मग 1 ते 5 हर्ट्झमधली सरासरी तीव्रता दहा-दहा मिनिटांनी मांडा. एकाच केंद्रावर वाढ असेल तर वारा, ट्रक किंवा जनरेटर समजा; सगळ्या किनारी केंद्रांवर उधाणाबरोबर चढउतार असेल तर ती फुटणारी लाट. एका ठिकाणाजवळ सर्वांत मोठा आणि दूर जाताना कमी होणारा कंप दिसला, तर तो खरा समजून जागा शोधायला लागा. तुमच्या आलेखासोबत खोलीतली चूक आणि केंद्रांचा नकाशा द्या, मग पुढचं बोलता येईल.