सहल आठवडाभर पुढे ढकलताय? आधी तिथी बघा

ताई, तुमची पोस्ट सकाळी वाचली आणि दिवसभर डोक्यातून गेली नाही. नागपूरची शाळा, आठवी-नववीची ४० मुलं, मुंबईजवळ दुपारी शीडाची होडी, संध्याकाळी खडकाळ किनाऱ्यावर समुद्री जीवांचा अभ्यास. परवानगीचं पत्र अडकलंय, म्हणून ‘सहल फक्त एक आठवडा पुढे नेतोय, बाकी कार्यक्रम तोच’. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. कारण अगदी हेच आम्ही केलं होतं.

संमतीपत्रं, विमा, प्रथमोपचार पेटी हे तुम्ही करतच असाल, त्यात जात नाही.

आमची तारीख जानेवारीतल्या पौर्णिमेची होती. मुद्दाम नव्हे, शाळेला तेव्हा जोडून सुट्टी होती म्हणून. अर्ज दोन महिने आधी दिला होता. पण एका कार्यालयात ‘शीडाची होडी’ या शब्दांवर फाईल थांबली. आधी म्हणाले, जलक्रीडा आहे, वेगळा दाखला जोडा. जोडला. मग सही करणारे साहेब रजेवर. मग जावक क्रमांक पडला नाही. दर खेपेला मी शेवटचा तास सोडून जायचो आणि बाकावर बसून परत यायचो. नियम कडक आहेत याबद्दल माझी तक्रार नाही. २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची १४ मुलं बुडाली, त्यानंतर कडक व्हायलाच हवे होते. पण आमच्या अर्जात लाइफ जॅकेट किती, होडीवर कोण, सोबत सुरक्षा बोट आहे का, हे एकानंही विचारलं नाही. कागद मोजले, मुलांच्या जिवाचं काही विचारलं नाही. त्याचा राग अजून आहे.

पत्र आलं तोवर गाडी हुकली होती. बरोबर सात दिवसांनंतरची विदर्भ एक्स्प्रेसची तिकिटं मिळत होती, ती काढली. कार्यक्रमाच्या कागदावर फक्त तारखा बदलल्या, वेळा तशाच ठेवल्या. ही चूक कुठल्याही कार्यालयाची नव्हती, माझी होती.

आपल्या नागपूरच्या अंबाझरी तलावाचं पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी असतं. समुद्राचं तसं नाही. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. कोकणातले जुने लोक तिथीची पाऊणपट करतात: चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराला. ओहोटी त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी. म्हणजे पौर्णिमेला संध्याकाळी पाचच्या आसपास खडक उघडे पडणार होते. सात दिवसांनी त्याच वेळेला जवळजवळ पूर्ण भरती. शिवाय अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, म्हणजे दुपारी गेलो असतो तरी पाणी फार खाली उतरलं नसतं. सात दिवस हा सगळ्यात वाईट आकडा आहे. ढकलायचंच तर पंधरा दिवस ढकला, पौर्णिमेची अमावास्या होईल आणि वेळा बऱ्याच अंशी जुळतील.

आम्ही साडेचारला पोचलो तेव्हा खडक नव्हतेच. लाटा भिंतीला लागत होत्या. ३८ मुलं कठड्याजवळ उभी. एका मुलीनं घरी प्लंबरचा पाइप कापून अर्ध्या मीटरची चौकट बनवली होती, खडकावर ठेवून आतले जीव मोजायला. कोपऱ्यांना लाल चिकटपट्टी, बाजूंवर दहा-दहा सेंटीमीटरच्या खुणा. ती चौकट गळ्यात अडकवून ती दीड तास पाण्याकडे बघत होती. मला एकदाही विचारलं नाही की सर, आता काय. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

होडीचा भाग मात्र चांगला झाला. दुपारी खारे वारे सुटले, शीड एकदम भरलं आणि होडी एका अंगावर कलली. पुस्तकात मतलई वारे-खारे वारे तीन वेळा शिकवूनही जे डोक्यात शिरलं नव्हतं ते सुकाणू हातात आल्यावर पाच मिनिटांत शिरलं. दुसऱ्या दिवशी कांदळवनानं लाज राखली. तिथल्या माहितगार माणसानं तिवराचं पान उलटं करून जिभेला लावायला सांगितलं. खारट! झाड मीठ बाहेर टाकतं हे त्यानंतर कुणाला पाठ करावं लागलं नाही.

पुढच्या वर्षी चतुर्दशी धरून गेलो. तोच किनारा, पण परातीएवढ्या डबक्यात समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे प्राणी), शंख पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे, आणि एका चौकटीत खडकाला चिकटलेले बार्नॅकल (कवचवाले बारके जीव) मोजता मोजता पोरं शंभराच्या पुढे गेली. ती मुलगी तेव्हा दहावीत होती, दहावीची सहल नव्हती. तिची चौकट आम्ही नेली होती.

पाऊणपटीचा हिशोब अंदाजापुरता. पक्क्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे तक्ते किंवा समुद्राची माहिती देणाऱ्या हैदराबादच्या इनकॉइस या सरकारी संस्थेचं संकेतस्थळ बघा, आणि नुसती वेळ नको, उंचीचा रकानाही बघा. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात; आकडा जितका लहान तितके खडक जास्त उघडे. ओहोटीच्या तासभर आधी उतरा आणि पाणी वळलं की मुलांना वर घ्या, कितीही रंगात आली असली तरी. पाण्याकडे तोंड करून फक्त लक्ष ठेवणारा एक शिक्षक हवाच.

माझं ठाम मत: जॅकेट होडीत बसल्यावर देऊ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. धक्क्यावरच, प्रत्येकाच्या मापाचं, पट्टे ओढून तपासलेलं. आणि शंख-शिंपल्यांची पिशवी भरून आणू देऊ नका. प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. बाकीच्या रिकाम्या शंखांतही खेकड्यांना घर करायचं असतं.

बारीकसारीक: चपला नकोत, नाडीचे जुने बूट. होडीच्या सकाळी तर्री-पोहे अजिबात नको, साधी पोळी-भाजी द्या. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारूनच, मी डॉक्टर नाही. परवानगीचे नियमही बदलत असतात, तेव्हा माझ्या अनुभवावर न जाता ताजं परिपत्रक मागून घ्या. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, त्यामुळे पंधरा दिवस सरकवायचं असेल तर या आठवड्यातच ठरवा.

नवी तारीख आणि किनारा इथे लिहा. ओहोटी मीही ताडून बघतो.