सिझरसाठी ‘प्लस’ धागा आणायला सांगितलाय. त्याने टाके पिकत नाहीत, हे खरं का?

तुम्ही विचारलंय की माजलगावात बहिणीचं सिझर ठरलंय, डॉक्टरांनी साध्याऐवजी ‘प्लस’ लिहिलेला महाग धागा आणायला सांगितलाय, तर पैसे वाया जातील का. वाया जाणार नाहीत. पण टाके न पिकण्याची हमी त्या पाकिटात नसते.

जखमेत धागा असला की पू व्हायला फार थोडे जंतू पुरतात. 1957 साली माणसांवर झालेल्या प्रयोगात नुसत्या त्वचेत पू होण्यासाठी स्टॅफिलोकोकस हे जंतू दहा लाखांहून जास्त टोचावे लागले. रेशमी टाका असताना सुमारे 300 पुरले. विणलेल्या धाग्याच्या पीळात जंतू दडतात, चिकट थर करून बसतात, आणि रक्तातलं अँटिबायोटिक तिथवर नीट पोचत नाही. म्हणून ‘प्लस’ प्रकारात धाग्यालाच ट्रायक्लोसन हे जंतुनाशक लावतात. जंतूला स्वतःचं आवरण बांधायला जी चरबी लागते, ती बनवणारं एन्झाइम ते अडवतं. धाग्यावर आणि त्याला अगदी लागून असलेल्या जागेत जंतू वाढत नाहीत, एवढंच त्याचं काम. चार बोटं दूर साचलेल्या रक्ताच्या गाठीत पू झाला तर धागा काही करू शकत नाही. शिवाय ओलसर जागी, नळाच्या तोंडाशी, टाकीत राहणारा स्यूडोमोनास हा जंतू ट्रायक्लोसनला मुळातच दाद देत नाही. टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या दवाखान्यात हे विसरून चालत नाही.

पुरावा दोन्ही बाजूंनी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये असा धागा वापरावा असं सुचवलं, पण ती सशर्त शिफारस होती. 2021 मध्ये ‘फाल्कन’ चाचणीचे निकाल आले. भारतासह सात देशांतले 5,788 रुग्ण, सगळ्यांची पोटाची ऑपरेशनं. त्यात साध्या आणि ट्रायक्लोसनच्या धाग्यात जखम पिकण्याच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही. पुढच्याच वर्षी ‘चीता’ या चाचणीत, पोट शिवण्याआधी हातमोजे आणि हत्यारं बदलल्याने हे प्रमाण 18.9 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आलं. माझ्या मते आपल्या भागातल्या दवाखान्यांनी आधी हे करावं.

पैशाची ओढाताण असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, साधा धागाही चालतो का ते विचारा. सोबत हेही विचारा: अँटिबायोटिकचं इंजेक्शन चीर देण्याआधीच्या तासाभरात देणार ना? बाळ बाहेर आल्यावर दिलं तर चीर देताना ते रक्तात नसतं. आदल्या रात्री वस्तऱ्याने केस काढू देऊ नका. बारीक कापे राहतात आणि जंतू तिथेच वाढतात. काढायचेच असतील तर क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या मशीनने. गरोदरपणातली साखर असेल तर ती आटोक्यात हवी. ती चढलेली राहिली तर कोणत्याही धाग्याचे टाके पिकू शकतात.

धागा आणणार असाल तर चिठ्ठीवरचा नंबर, सुईचा आकार आणि लांबी तंतोतंत जुळवा. गर्भाशयासाठी ‘1’ नंबर लिहिला असेल तर ‘1-0’ आणू नका, तो बारीक असतो. असे धागे सहसा 25 अंशांखाली ठेवायचे असतात. मेमध्ये परभणी-बीडचा पारा 42 च्या वर जातो, तेव्हा गाडीच्या डिकीत टाकून गावभर फिरू नका. ऑपरेशनच्या दिवशीच घ्या. फॉइल फाटलेलं किंवा मुदत संपलेली असेल तर परत करा. उघडून उरलेला धागा पुन्हा निर्जंतुक करून वापरू देऊ नका.

घरी आल्यावर टाक्यांवर हळद, राख, तेल, पाला काही लावायचं नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. पहिली पट्टी 48 तास कोरडी ठेवा. ताप, वाढती लाली, जखमेतून येणारं पाणी, किंवा कमी होत आलेलं दुखणं परत वाढलं तर त्याच दिवशी दाखवा. संसर्ग 30 दिवसांत कधीही उठू शकतो. घरची माणसं ऊसतोडीला निघणार असतील तर बाळंतिणीला तेवढे दिवस फडावर नेऊ नका. आणि नेलंच, तर जवळचा सरकारी दवाखाना कोणता ते निघायच्या आधीच शोधून ठेवा.