गुरगुरला म्हणून रडू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा कुत्रा भुऱ्या हाडूक चघळत होता, तू जवळ गेलीस आणि तो गुरगुरला. ‘ज्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं तोच उलटला,’ असं तू लिहिलंयस. उलटला नाही गं, बोलला. ‘हे माझं आहे, लांब थांब,’ एवढंच म्हणाला, आणि तेही दात लावायच्या आधी.

तुमच्या सोसायटीत येणारे ट्रेनर सांगतात की गुरगुरला की मान धरून जमिनीवर दाबायचा, म्हणजे मालक कोण ते त्याला कळतं. ते करू नकोस. मी केलंय. पंचवीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे एक अल्सेशियन होता. चोक चेनचे, म्हणजे ओढली की गळा आवळणाऱ्या साखळीचे, हिसके देऊन त्याचं गुरगुरणं मी तीन आठवड्यांत बंद केलं आणि चार लोकांत मिरवलंही. त्याच वर्षी गणपतीत माझा भाचा घरी आला होता. त्यानं कुत्र्याच्या भांड्याजवळ पडलेला चेंडू उचलायला हात घातला. आवाज नाही, काही नाही, सरळ चावा. ‘अचानक चावला हो,’ असं मीच डॉक्टरांना सांगितलं. अचानक कसला? इशारा द्यायचा नाही हे त्याला मीच शिकवलं होतं. भाच्याला रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागली, आणि पुढे कित्येक दिवस बहिणीच्या नजरेला नजर देणं मला जमलं नाही.

‘मालक कोण’ हे खूळ आलं कुठून, तर लांडग्यांवरून. 1947 साली रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकांनी बंदिस्त लांडग्यांचं निरीक्षण लिहिलं. कोंडलेले ते लांडगे आपसांत वरचढपणासाठी भांडत. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकामुळे ‘अल्फा’, म्हणजे कळपावर हुकूम चालवणारा म्होरक्या, हा शब्द घरोघरी पोचला. पण याच मेक यांनी 1986 पासून कॅनडातल्या एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे जवळून पाहिले आणि 1999 मध्ये स्वतःच लिहिलं की कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं. आपलं म्हणणं असं जाहीरपणे मागं घेणारा माणूस मला फार आवडतो. आपले ट्रेनर मात्र अजून 1970 मध्येच आहेत.

आता भुऱ्याकडे वळू. गुरगुर ही त्याची पहिली सूचना नव्हती, आधीच्या तुझ्या नजरेतून निसटल्या. तू जवळ येताना तो चघळायचा थांबला असेल, नाहीतर एकदम भराभर खायला लागला असेल. अंग ताठ झालं असेल, मान हाडकावर खाली गेली असेल आणि डोळ्यांचे पांढरे कोपरे दिसले असतील. इतर वेळी तो जिभल्या चाटतो, तोंड फिरवतो, झोप नसताना जांभई देतो. अवघडलेला कुत्रा असंच करतो. शेपूट हलते म्हणजे खूश, हेही धरून चालू नकोस. उंच, ताठ, बारीक थरथरणारी शेपूट वेगळीच.

आधी त्याला व्हेटला दाखव. दात, कान किंवा पोट दुखत असेल तर शिकवणी नंतर. आणि शिजवलेली हाडं बंदच कर, त्यांच्या कपच्या उडतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात.

मग रोज जेवणाच्या वेळी एवढंच करायचं. तो निवांत खात राहील इतक्या अंतरावरून जा, समज सात-आठ फूट. जाता जाता उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा त्याच्याकडे टाक आणि निघून जा. निघून जाणंच सगळे विसरतात. तिथेच रेंगाळलं की त्याला वाटतं, आता ही भांडं उचलणार. पाच-सहा वेळा पुरे. तुझ्या पावलांची चाहूल लागताच तो मऊ चेहऱ्यानं वर बघायला लागला की अंतर वीतभर कमी कर. ताठला तर मुकाट्यानं मागे ये. किती दिवस लागतील ते तोच ठरवेल. सवय व्हावी म्हणून खाताना भांड्यात हात घालू नकोस. तुझ्या ताटात कुणी रोज बोटं घातली तर चौथ्या दिवशी तूही गुरगुरशील! धाकट्या भावाला तोवर जेवणाच्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेव, यात तडजोड नाही.

बाबा याला लाच म्हणतात ना? त्यांना सांग, लाच आधी दाखवतात, हा तर तू आल्याचा लाभ आहे. आणि सगळं खाऊवरच अडत नाही. कोलकात्याजवळच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2017 मध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांवर काम केलं. अनोळखी माणसाशी वारंवार गाठ पडली तेव्हा त्याच्यावर विश्वास बसायला खाण्यापेक्षा कुरवाळणंच जास्त उपयोगी पडलं. भुऱ्याही त्यांच्याच जातकुळीतला.

आईंचं म्हणणं, चप्पल फाडली की तो मान खाली घालतो, म्हणजे चूक कळते. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2009 मध्ये हेच तपासलं. अपराधी चेहरा दिसला तो मालक रागावल्यावर, मग कुत्र्यानं खरोखर काही केलेलं असो वा नसो. म्हणजे तो चप्पल नाही, आईंचा चेहरा वाचतोय. चपला कपाटात ठेवा.

पुढच्या रविवारपर्यंत त्याच्या जेवणाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठव, मोबाइल जमिनीलगत ठेवून काढलेला. मी तो आवाज बंद करून बघणार आहे. तू त्याच्याशी काय बोलतेस ते मला नको, तुझे पाय दिसताक्षणी त्याच्या पाठीचं काय होतं तेवढं बघायचंय.

तुझी,
मावशी