नववीतल्या मुलाला कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये कामाला पाठवलं तर तो संवेदनशील होईल का? घरचे म्हणतात, वेळ वाया जाईल.

होईल. पण शाळेच्या सर्टिफिकेटसाठी एक दिवस नेऊन पिल्लांबरोबर फोटो काढणार असाल, तर घरचे म्हणतात ते खरं.

माझा भाचा नववीतच होता. वर्गात सतत मारामाऱ्या. दाजींनी होस्टेलला टाकायचं ठरवलं होतं. मी दर शनिवारी पुण्यातल्या एका शेल्टरमध्ये जाते. म्हटलं, आधी माझ्याबरोबर येऊ दे. दाजी म्हणाले, "कुत्र्यांची घाण काढून कोणी सुधारतं का?" ते वाक्य मला अजून टोचतं.

पहिले कित्येक शनिवार त्याने पिंजरे धुतले, भांडी घासली, गोचिडी काढल्या. तिथे अपघातात मागचा पाय गेलेली एक कुत्री होती. कोणी जवळ आलं की कोपऱ्यात सरकायची, ओठ चाटायची, जांभया द्यायची. हा म्हणाला, तिला झोप येतेय. तिथले काका म्हणाले, "घाबरलीय ती. डोळ्यांत बघू नकोस, हात पुढे करू नकोस, नुसता तिरका बसून राहा." ती येईना तेव्हा हा चिडायचा. पण आवाज चढवला की ती आणखी आत जायची. रागाचा उपयोग होत नाही, हे त्याला आम्ही कोणी सांगून पटलं नव्हतं. शेवटी तिने त्याच्या हातून खाल्लं. पुढे आजीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ती सगळ्यांवर खेकसायची, तेव्हा घरात हा एकटाच म्हणाला, "तिला दुखतंय. मागून एकदम हात लावू नका, आधी सांगा."

हे माझ्याच डोक्यातलं खूळ नाही. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या एका बालसुधारगृहात १९९३ साली 'प्रोजेक्ट पूच' सुरू झाला. तिथली मुलं शेल्टरमधली कुत्री शिकवून दत्तक देण्याजोगी तयार करत. आणि आपल्या बालभारतीच्या पुस्तकांत मूलभूत कर्तव्यं छापलेली असतात, त्यात प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगणं आहेच. मग ते शिकायला गेलेला वेळ वाया कसा?

आता काळजीचं. डॉक्टरांना विचारून रेबीजची प्रतिबंधक लस आधीच द्या. चावा किंवा ओरखडा झालाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, लस आधी घेतलेली असली तरी. किती वयाच्या मुलांना घेतात ते शेल्टरलाच विचारा. नव्या कुत्र्याजवळ मुलाला एकटं सोडू नका. मुलगा प्राण्यांना मुद्दाम त्रास देत असेल तर आधी समुपदेशकाकडे न्या, कुत्र्यांवर प्रयोग नको. तिथे कुत्री मरतातही. तेव्हा त्याला रडू द्या, "कुत्रंच तर होतं" असं म्हणू नका.

घरच्यांना एका शनिवारी बरोबर न्या, पिंजरे धुवू द्या, मग काय ते बोलू दे. आमचे दाजी एकदाही आले नाहीत, आणि मुलगा वयाने सुधारला असं आजही सांगतात.